पिल्लाचे नाक वाहते तेव्हा

दिवाळीनंतरच्या थंडीत पुण्यातल्या पेठांमधून हिंडताना नाक वाहणारी कुत्र्याची पिल्ले हटकून दिसतात. पाहणारा म्हणतो, "सर्दी झालीय, जाईल आपोआप." पण 'सर्दी' म्हणजे निदान नव्हे. काय वाहते, एका नाकपुडीतून की दोन्हींतून आणि सोबत आणखी काय बिघडले आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पिल्लू हुंदडते, खाते आणि नाकातून पाण्यासारखे थेंब येतात, तर ते धुळीने किंवा धुरानेही होते. प्यालेले दूधच नाकातून परत येत असेल, तर टाळू जन्मतः दुभंगलेली असू शकते. ते दूध फुप्फुसात उतरले की पिल्लू दगावते.

वेताळ टेकडीवरून आलेले पिल्लू एकाएकी शिंकांवर शिंका देऊ लागले, पंजाने नाक घासू लागले, तर कुसळ आठवावे. आपल्या पायमोज्यांत रुततात तीच ही कुसळे. त्यांवरचे बारीक केस उलटे असल्याने ती आतच सरकत जातात. काही दिवसांनी त्या एकाच नाकपुडीतून पू येतो. चिमटा घेऊन घरी खटपट करू नये. घोळणा फुटला तर अंगावर गोचिडी आहेत का पाहावे. गोचीडतापातही रक्त येते.

खरी भीती डिस्टेंपरची. देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये या रोगाचे वर्णन केले आणि १९०५ मध्ये कारे या फ्रेंच पशुवैद्याने तो विषाणूमुळे होतो हे दाखवले. हा गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. माणसाला मात्र हा रोग होत नाही. आधी ताप, मग दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, डोळ्यांना चिपडे, खोकला, जुलाब. पिल्लू सावरले असे वाटते न वाटते तोच झटके येऊ लागतात. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, ऊब आणि इतर जंतूंवर औषधे एवढाच उपचार.

आमचे घर मेंढपाळांचे. राखणीला कुत्रे नसेल तर मेंढरे लांडग्याच्या तोंडी जातात. एका हिवाळ्यात चुलत्यांची चार पिल्ले अशीच गेली आणि सगळे "हवा लागली" म्हणाले. हवा नव्हे, लस लागत होती! पण ती सहा-आठ आठवड्यांच्या वयात एकदा टोचून भागत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्तीच लसीला निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल याचा नेम नसतो. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचावे लागते. आणि प्रश्न कुत्र्यांपुरता नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावकुत्र्यांबरोबर खोकडांच्या रक्तातही या संसर्गाच्या खुणा सापडल्या.

नाक कोरडे म्हणजे ताप, ही समजूत कच्ची आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, थर्मामीटरच खरा. आपली तापाची गोळी देऊ नये, कापराचे मलमही नाकाला चोळू नये. पिल्लू ते चाटते आणि कापूर त्याला विष आहे. कोमट पाण्याच्या बोळ्याने नाक पुसावे, इतर पिल्लांपासून वेगळे ठेवावे आणि पशुवैद्याकडे न्यावे. जाताना स्राव कधीपासून, कसा, कोणत्या नाकपुडीतून आणि लस टोचली आहे का, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. डॉक्टर आधी तेच विचारतात.