बैलांच्या पोटाचं गणित

खंडाळ्याहून कार्ल्याला आज मोटारीनं अर्धा तासही लागत नाही. 1778 च्या डिसेंबरअखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेला हेच आठ मैल काटायला अकरा दिवस लागले. रघुनाथरावांना पुण्याची सत्ता मिळवून द्यायला निघालेले हे लोक जेमतेम 3,900. सामान वाहणारे बैल मात्र 19,000!

मावळच्या या मोहिमेचा इतिहास लढायांच्या अंगानं पुष्कळ सांगितला जातो. मला तो बैलांच्या पोटापासून सांगावासा वाटतो.

दोन-दोन बैल शेजारी चालवले आणि प्रत्येक जोडीला तीन मीटर जागा धरली, तर रांग साडेअठ्ठावीस किलोमीटर लांब होते. म्हणजे पहिली जोडी तळेगावाजवळ पोचली तरी शेवटची लोणावळ्यातच! त्यात बैल हा रवंथ करणारा प्राणी. चाऱ्यातला कठीण तंतू त्याला स्वतःला पचत नाही, पोटातले सूक्ष्मजीव तो कुजवून देतात. त्यासाठी सात-आठ तास चरणं आणि जवळजवळ तितकाच वेळ रवंथ लागतो. कामाला उरतात ते थोडे तास. चाबूक कितीही ओढला तरी हा हिशेब बदलत नाही. बैलाला दिवसाला सहा किलो कोरडी वैरण धरली, तर या तांड्याला रोज 114 टन लागणार. एवढी वैरण पाठीवर लादून नेता येत नाही, ती वाटेतल्या मुलखातूनच मिळवावी लागते.

मराठ्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. भातकापणी उरकलेली, गवत वाळलेलं. अशा दिवसांत पेंढ्याच्या गंजीला एक ठिणगी पुरते. 9 जानेवारी 1779 ला फौज तळेगावात पोचली, तेव्हा गाव जाळून रिकामं केलेलं होतं. महादजी शिंद्यांचे स्वार भोवती घिरट्या घालत होते.

नेतृत्वाचीही दैना होती. हुकूम द्यायला तिघांची समिती: कार्नाक, इगर्टन आणि मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून परतला, इगर्टननं प्रकृतीपायी सूत्रं कॉकबर्नकडे दिली. खंडाळ्याचा घाट आधी ताब्यात घेणारा धडाडीचा कॅप्टन स्टुअर्ट 4 जानेवारीला कार्ल्यात पडला. शत्रूच्या या माणसाला मावळानं ‘इष्टुर फाकडा’ म्हणून मान दिला, त्याचं स्थान वडगावात आजही आहे.

पोटाच्या या गणिताची दुसरी बाजूही आहे. पुढे 1805 मध्ये अमेरिकेत लुईस आणि क्लार्क हे शोधमोहिमेचे दोन नायक पश्चिमेच्या डोंगरांकडे निघाले, तेव्हा सोबत तीसेक माणसं होती. शिकारीवर जगत, तिथल्या शोशोनी लोकांकडून घोडे घेत ती समुद्रापर्यंत पोचली. लहान तांड्याला मुलूख पोसू शकतो, तोही त्या मुलखातल्या माणसांची साथ असेल तरच.

11 जानेवारीच्या रात्री मुंबईच्या फौजेनं जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, उरलासुरला साठा पेटवला आणि माघार घेतली. वडगावला ती वेढली गेली आणि तिथंच तह झाला.

त्याच वेळी यमुनेकाठच्या काल्पीहून निघालेली कंपनीची दुसरी फौज गॉडर्डच्या हाताखाली खुश्कीनं येत होती. वडगावची बातमी कळताच बऱ्हाणपूर ते सुरत हे सुमारे तीनशे मैल तिनं वीस दिवसांत तोडले. या लांबच्या वाटचालीत गॉडर्डनं शिपायांना लुटालूट करू दिली नव्हती, गावोगावची रसद तो पैसे मोजून घेत आला होता.