मे महिन्यातले रक्तदान

महाराष्ट्राला रक्तदान नवीन नाही. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस अशा निमित्ताने गावोगावी मांडव पडतात, सकाळपासून तरुणांच्या रांगा लागतात आणि संध्याकाळपर्यंत शे-दोनशे पिशव्या सहज जमतात. तरीही मे महिना उजाडला की रक्तपेढ्यांकडून तीच हाक ऐकू येते : साठा संपत आला आहे, दात्यांनी पुढे यावे. कॉलेजांना सुट्टी लागलेली असते, नोकरदार मंडळी गावी गेलेली असतात आणि उन्हामुळे शिबिर घ्यायला कोणी धजावत नाही. दिवाळीच्या सुट्टीतही थोड्याफार फरकाने हेच घडते.

अपघात, बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया मात्र सुट्टीवर जात नाहीत. फेब्रुवारीत एवढे रक्त जमले होते, ते गेले कुठे, असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर समजून घेतले, तर रक्तदान केव्हा आणि किती वेळा करायचे, हेही आपोआप कळते.

रक्तालाही मुदत असते

दात्याकडून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ते जसेच्या तसे रुग्णाला चढवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. रक्तपेढीत पिशवी वेगाने फिरवून तिचे घटक वेगळे केले जातात : लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा. त्यामुळे एका पिशवीचा तीन रुग्णांना उपयोग होऊ शकतो.

या तिघांचे आयुष्य मात्र वेगवेगळे असते. उणे ३० अंश किंवा त्याहून कमी तापमानाला गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो. लाल पेशी २ ते ६ अंशांना ठेवल्या, तर पिशवीतल्या रसायनानुसार ३५ ते ४२ दिवस चालतात. प्लेटलेट्सना फ्रिज सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांना, यंत्रावर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि तरीही ५ दिवसांच्या वर टिकत नाहीत.

आता कॅलेंडर समोर ठेवा. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या शिबिरात जमलेल्या प्लेटलेट्सची मुदत महिना संपण्याआधीच संपते. त्याच दिवशीच्या लाल पेशी फार तर २ एप्रिलपर्यंत वापरता येतात. १४ एप्रिलच्या लाल पेशी जास्तीत जास्त २६ मेपर्यंत पुरतात, त्याही तोवर शिल्लक राहिल्या तर. एकाच दिवशी गावात तीन मंडळांनी शिबिरे घेतली, तर गरजेपेक्षा जास्त रक्त एकदम गोळा होते आणि त्यातले काही मुदत संपून वाया जाण्याची भीती असते. पुढे दोन महिन्यांनी त्याच गावात एका पिशवीसाठी धावाधाव होते.

वाट पाहणारे रुग्ण

रक्त म्हटले की अपघात डोळ्यांसमोर येतो. पण ठरलेल्या तारखेला रक्त लागणारे रुग्णही आपल्या आसपास आहेत. थॅलेसीमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही वर्षानुवर्षे. विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना अधूनमधून रक्ताची गरज भासते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स इतक्या उतरतात की कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. त्याला पाच दिवसांच्या आतल्याच प्लेटलेट्स हव्या असतात.

बाळंतपणातील रक्तस्राव तर मिनिटांचा हिशेब मागतो. गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही, तर बाई काही मिनिटांत अत्यवस्थ होते. अशा वेळी नवऱ्याला किंवा दिराला रक्त द्यायला बोलावून काही साधत नाही. दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय ते कोणालाच देता येत नाही आणि त्याला वेळ लागतो. त्या बाईचा जीव वाचवते ते कोणीतरी आठवडा-दोन आठवड्यांपूर्वी देऊन ठेवलेले, तपासून फ्रिजमध्ये तयार असलेले रक्त.

बदली रक्त का नको?

एके काळी देशात पैसे घेऊन रक्त विकणारे व्यावसायिक दाते होते. गरिबीमुळे ते पुन्हा पुन्हा रक्त देत, आजार लपवत आणि त्यातून रुग्णांना संसर्ग होत असे. त्या काळात मुंबईत लीला मुळगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्वेच्छा रक्तदानाची चळवळ नेटाने उभी केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून देशात व्यावसायिक रक्तदान बंद झाले. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने स्वेच्छा रक्तदानाचा पाया आणखी पक्का केला.

तरीही 'पिशवी न्यायची तर बदली दाता आणा' ही सवय पूर्ण गेलेली नाही. यात नातेवाइकांची दमछाक तर होतेच, शिवाय रक्ताच्या सुरक्षिततेलाही धक्का बसतो. घरच्यांच्या दबावाखाली आलेला माणूस अर्ज भरताना खरे सांगेलच असे नाही. काविळीचा इतिहास, सुईने घेतलेली नशा, असुरक्षित लैंगिक संबंध या गोष्टी सासऱ्यांसमोर किंवा मेव्हण्यासमोर कोण सांगणार? तपासणीत सगळे पकडले जाईल, हा समजही पुरता खरा नाही. एचआयव्ही किंवा काविळीच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर सुरुवातीचा काही काळ तो चाचणीत दिसत नाही. या 'विंडो पिरियड'मध्ये रुग्णाचे रक्षण करते ती केवळ दात्याने प्रामाणिकपणे दिलेली माहिती. ज्याच्यावर कोणाचा दबाव नाही, त्याला 'या वेळी मी रक्त देत नाही' असे सहज म्हणता येते. स्वेच्छेने दिलेले रक्त अधिक सुरक्षित मानले जाते, ते यासाठीच.

'परक्याचे रक्त नको, सख्ख्या भावाचेच घ्या' हा आग्रहही अनेकदा होतो. वैद्यकशास्त्र त्याच्या उलट सांगते. जवळच्या नातलगाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे तग धरून रुग्णाच्याच पेशींवर हल्ला चढवू शकतात. हा प्रकार दुर्मीळ असला, तरी बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. त्यामुळे सख्ख्या नात्यातले रक्त द्यायचेच झाले, तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते.

कोण देऊ शकतो?

वय १८ ते ६५ वर्षे (पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. ४५० मिलिलिटर द्यायचे, तर वजन ५५ किलोहून अधिक लागते. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते.

मधुमेह किंवा रक्तदाब असला की रक्तदान कायमचे बंद, असे अनेकांना वाटते. इन्सुलिन घेणाऱ्यांना रक्त देता येत नाही, हे खरे. पण आहार किंवा गोळ्यांनी साखर आटोक्यात असेल आणि इतर गुंतागुंत नसेल, तर देता येते. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल आणि गेल्या चार आठवड्यांत औषध बदललेले नसेल, तरीही चालते. टॅटू काढला असेल, तर वर्षभर थांबावे. मलेरिया होऊन गेला असेल, तर बरे झाल्यावर तीन महिने थांबावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी रक्तदान करू नये. नेहमीची कोणतीही गोळी चालू असेल, तर ती तेथील डॉक्टरांना दाखवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

आपल्याला एचआयव्ही तर झाला नाही ना, हे कळावे म्हणून कोणीही रक्तदान करू नये. सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत ही चाचणी मोफत आणि गुप्तता राखून होते.

अशक्तपणा येतो का?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले ३५० मिलिलिटर म्हणजे सात टक्के. त्यातला द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. प्रत्यक्ष पिशवी भरायला आठ-दहा मिनिटे पुरतात. अर्ज, वजन, रक्तदाब, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, शेवटी चहा-बिस्किटे असे सगळे धरून पाऊण तास जातो. सुई आणि पिशवी निर्जंतुक असते, ती एकदाच वापरली जाते. त्यामुळे दात्याला कोणताही संसर्ग होत नाही.

काहींना नंतर चक्कर येते, विशेषतः पहिल्या वेळी. उपाशीपोटी, जागरण करून किंवा उन्हातून धापा टाकत आल्यावर लगेच रक्त दिले, तर ही शक्यता वाढते. आधी नाश्ता करावा, दोन-तीन ग्लास पाणी प्यावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे. गरगरल्यासारखे झाले, तर घरी निघण्याची घाई न करता लगेच आडवे व्हावे. त्या दिवशी जड ओझे उचलू नये.

लोहाकडे मात्र लक्ष हवे. एका रक्तदानात साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते आणि ते भरून यायला वेळ लागतो. दोन रक्तदानांमध्ये ठरावीक दिवसांचे अंतर ठेवतात, ते मुख्यतः यासाठी. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, अळिवाचे लाडू, मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण-कलेजी यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू असावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही.

शिबिरात सर्वाधिक हिरमोड होतो तो स्त्रियांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. मोठ्या उत्साहाने आलेली बाई 'हिमोग्लोबिन कमी आहे' एवढे ऐकून घरी परतते आणि विषय तिथेच संपतो. खरे तर तिच्या हातात त्या क्षणी एक मोफत निदान आलेले असते. तिने जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन उपचार घेतले, तर पहिला फायदा तिचा स्वतःचा. काही महिन्यांनी ती दाता म्हणूनही उभी राहू शकते.

मंडळांसाठी आणि प्रत्येकासाठी

शिबिर घेणाऱ्या मंडळांनी तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला एक फोन करावा. किती पिशव्या हव्यात, कोणत्या आठवड्यात हव्यात, हे तिथले डॉक्टर सांगतात. केंद्र सरकारच्या 'ई-रक्तकोष' या संकेतस्थळावरही कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा किती साठा आहे, हे पाहता येते. जयंतीला नावनोंदणी आणि प्रत्यक्ष रक्तदान पंधरा-पंधरा दिवसांच्या टप्प्यांत, असे केले तर उत्साहही टिकतो आणि रक्तही वाया जात नाही.

दुर्मीळ रक्तगटांच्या बाबतीत अशी नोंद हाच आधार असतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एका नव्याच रक्तगटाचा शोध लावला. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' गटासारखा दिसतो, पण अशा रुग्णाला 'ओ' गटाचे रक्त चालत नाही, फक्त याच गटाचे लागते. या दात्यांनी शिबिरात रक्त देण्यापेक्षा रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावे आणि बोलावणे आले की जावे, हे उत्तम.

इतरांसाठी हिशेब सोपा आहे. शिवजयंतीला रक्त देणाऱ्या पुरुषाचे ९० दिवस साधारण २० मे रोजी पूर्ण होतात. २६ जानेवारीला रक्त देणाऱ्या स्त्रीचे १२० दिवस २६ मेच्या सुमारास भरतात. म्हणजे रक्तपेढी रिकामी होत असते नेमके त्याच दिवसांत, हिवाळ्यातल्या शिबिरांत रांग लावणारे हे हजारो हात पुन्हा रक्त द्यायला मोकळे झालेले असतात. फक्त त्या वेळी मांडव नसतो आणि आठवण करून देणारे कोणी नसते.

त्यासाठी मांडवाची गरजही नाही. रक्तपेढी बहुधा वर्षभर उघडी असते. प्रमाणपत्रावरची तारीख मोबाइलमध्ये टाकून पुढची तारीख तिथेच नोंदवून ठेवावी. सुट्टीत गावी निघाला असाल, तर जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीतही रक्त देता येते. ऊन टाळण्यासाठी सकाळी लवकर जावे, नाश्ता करून आणि पाणी पिऊन जावे.