पुस्तक घरात आहे, पण उघडत नाही

पुस्तक विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, ही समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. फडताळातील पुस्तकास वाळवी लागेल, शेजारी ते नेऊन परत करावयास विसरेल. परंतु ज्याने ते विकले तो दुकानदार एके रात्री येऊन ते उचलून नेईल, असे भय आजवर कोणास वाटले नाही. ई-रीडर नावाची पाटीएवढी वस्तू घरात आल्यापासून मात्र ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पुस्तकाचे नाव समोर दिसते, पैसे दिल्याची पावतीही असते, आणि तरीही पान उघडत नाही! असे का होते आणि अशा वेळी काय करावे, याचा विचार आम्ही आज करणार आहोत.

हा विषय ग्वाल्हेरच्या मराठी घरांकडे पाहून मांडणे आम्हांस सोयीचे वाटते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपली लष्करी छावणी कायम केली. त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले, आणि शिंदे सरकारच्या चाकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे याच ग्वाल्हेरचे. १९४१ साली त्यांचे निधनही तेथेच झाले. आज या घरांतील मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. मराठी त्यांच्या कानांवर पडते ती आजीच्या बोलण्यातून, आणि डोळ्यांपुढे येते ती पुस्तकांतून. महाराष्ट्र दूर; पुणे-मुंबईचे पुस्तक हाती येण्यास खटपट पडते. अशा घरात ई-रीडर आला, म्हणजे शेकडो मराठी पुस्तकांचे कपाटच आले म्हणावयाचे. म्हणूनच ते बंद पडले असता होणारी हानी केवळ करमणुकीची नसते. घरातील मराठी वाचनाचा एक झराच आटतो. महाराष्ट्रातील आपल्या खेड्यांची स्थितीही काही फार वेगळी नाही. ग्रंथालय दूर आणि मुलगा परगावी, हे चित्र आपणांस परिचयाचे आहे.

पुस्तक उघडत नाही तेव्हा पुष्कळ जण यंत्रास दोष देऊन ते कपाटात टाकून देतात. वस्तुतः पुस्तकाच्या दारास तीन कुलुपे असतात : एक यंत्राचे, दुसरे खात्याचे आणि तिसरे हक्काचे. कोणते कुलूप लागले आहे हे ओळखले, की अर्धे काम झाले.

यंत्राचे कुलूप

हे सर्वांत साधे. प्रथम यंत्रास पुरेशी वीज द्यावी. पडदा गोठून बसला असेल तर चालू-बंद करण्याचे बटण दाबून धरावे. किंडलचे बटण सुमारे ४० सेकंद दाबून धरल्यास ते पुन्हा नव्याने सुरू होते आणि आतील पुस्तकांस धक्का लागत नाही. त्यानंतर ‘विमान’ खूण असलेली सेटिंग पाहावी. ती चालू असल्यास यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो, आणि ही खूण पुष्कळदा मुलांच्या हातून नकळत दाबली जाते.

घरातील मोबाईलला वायफाय मिळते आणि ई-रीडरला मात्र मिळत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. याचे कारण असे की, नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात, आणि बहुतेक जुन्या ई-रीडरना त्यांतील २.४ ची एकच लहर कळते. राउटर बसविणाऱ्यास सांगून ती लहर चालू करून घ्यावी, म्हणजे नवे यंत्र घेण्याचा खर्च वाचतो.

मराठी वाचकांची म्हणून एक खास अडचण आहे, ती अक्षरांची. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात, ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ विस्कटतो, ‘ॲ’ च्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात २००८ साली आले. त्यापूर्वीच्या जुन्या यंत्रांस ते ठाऊकच नाही. अशा वेळी यंत्राची आज्ञावली अद्ययावत करून घ्यावी आणि अक्षरांच्या सेटिंगमध्ये दुसरा फाँट निवडून पाहावा. एवढे करूनही सारे पान निरर्थक इंग्रजी अक्षरांनी भरलेले दिसत असेल, तर तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला आहे असे समजावे. तेथे यंत्राचा दोष नाही. मजकूरच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

अक्षर मोठे होत नाही, ही वडीलधाऱ्यांची तक्रार. खऱ्या ई-बुकातील मजकूर प्रवाही असतो. अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफ मात्र छापील पानाच्या छायाचित्रासारखी असते. तिचे अक्षर सुटे वाढत नाही. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे, एवढाच सोपा उपाय असतो. म्हणून आजीसाठी पुस्तक घेताना प्रवाही ई-बुकच निवडावे.

खात्याचे कुलूप

ई-रीडर ही केवळ वस्तू नव्हे. ती कोणाच्या तरी नावाच्या खात्यास बांधलेली असते. आखाती देशात नोकरीस असलेला मुलगा आपले जुने यंत्र आईवडिलांकडे पाठवितो, परंतु ते त्याच्याच नावे नोंदलेले राहते. मग येथे घेतलेली पुस्तके त्यावर येत नाहीत, किंवा त्याने पासवर्ड बदलला की येथील वाचन थांबते. उपाय एकच : यंत्र हाती येताच जुनी नोंद काढून टाकावी आणि ज्याने ते वापरावयाचे त्याच्या खात्यावर नोंदवावे. घरात एकाच खात्यावर दोन-तीन यंत्रे किंवा मोबाईल चालतात, ही सोय अवश्य घ्यावी.

दुसरी अट देशाची. पुस्तक कोणत्या देशात विकावयाचे, याचे हक्क लेखक-प्रकाशकांच्या करारात ठरलेले असतात. त्यामुळे अमेरिकेतील भाचीने तेथील दुकानातून पाठविलेले ई-पुस्तक ग्वाल्हेरच्या खात्यावर उघडत नाही. हा भाचीचाही दोष नव्हे आणि यंत्राचाही नव्हे. खोटा पत्ता घालून ही अट चुकविण्याचा मोह टाळावा. त्याने खाते संशयास्पद ठरून बंद पडू शकते, आणि एका पुस्तकासाठी सारे कपाट गमावण्याचा प्रसंग येतो. भाचीने तेवढी रक्कम पाठवावी आणि पुस्तक येथील खात्यावरून घ्यावे, हे सरळ.

तिसरी अट पैशांची. बँकेचे कार्ड बाजारात चालते, पण ई-पुस्तक घेताना नाकारले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार नवी कार्डे प्रथम केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रे यांपुरतीच चालू असतात; इंटरनेटवरील खरेदीची मुभा ग्राहकाने स्वतः मागून घ्यावी लागते. हे आपल्याच पैशांच्या रक्षणासाठी आहे. तेव्हा दुकानाशी भांडण्यापूर्वी बँकेत विचारावे.

आणखी दोन लहान गोष्टी. किंडलवर आपली स्वतःची फाइल ई-मेलने पाठविता येते. परंतु पाठविणाराचा पत्ता खात्यातील मान्य पत्त्यांच्या यादीत नसेल, तर ती फाइल पोहोचत नाही. काकांनी तीनदा पाठविले आणि एकदाही आले नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच. तसेच, मुलांसाठी घातलेला कुलूप-क्रमांक विसरला तर यंत्र मुळापासून पुसून घ्यावे लागते. विकत घेतलेली पुस्तके खात्यातून पुन्हा मिळतात. तारेने जोडून बाहेरून भरलेली मात्र जातात. म्हणून त्यांची प्रत संगणकावर आधीच ठेवावी.

हक्काचे कुलूप

येथवरची कुलुपे आपणांस उघडता येतात. तिसऱ्याचे स्वरूप निराळे आहे. ई-पुस्तकाच्या दुकानात आपण ‘विकत घ्या’ असे बटण दाबतो. पण बहुतेक दुकानांच्या अटींप्रमाणे आपणांस मिळते ती वाचण्याची परवानगी. पुस्तकाची मालकी आपल्याकडे येत नाही.

याची साक्ष इतिहासात आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाराकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे त्याचे कारण होते. पैसे परत केले गेले, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. परंतु दुकानदार घरात शिरू शकतो, हे जगाने त्या दिवशी पाहिले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले, पण वाचकांची पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये भरण्याची सोय बंद केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला की, विक्रेता केवळ परवानगी देत असेल तर त्याने ते ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे.

हे कुलूप फोडून देणारी साधने मिळतात, असे तरुण मुले सांगतात. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ६५-अ प्रमाणे, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या चोरट्या प्रतींविषयीही आमचे मत स्पष्ट आहे. मराठी लेखकास आणि प्रकाशकास मिळणारे उत्पन्न आधीच तुटपुंजे. तेही बुडविले, तर उद्या मराठीत लिहावे कोणी आणि छापावे कोणी? शेतातील कणीस परवानगीवाचून तोडणे आणि लेखकाचे पुस्तक फुकट पळविणे, यांत आम्हांस भेद दिसत नाही.

मोकळे दार

सुदैवाने एक विशाल दार मोकळे आहे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे टिकतो; त्यानंतर ते पुस्तक सर्वांचे होते. तांब्यांची त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता २००२ च्या आरंभापासून अशी मुक्त आहे. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. तेव्हा ‘श्यामची आई’ २०११ पासून मुक्त झाली. केशवसुत, बालकवी, हरि नारायण आपटे, रेव्हरंड टिळक यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्यही त्याच पंक्तीत आहे. नव्या प्रस्तावना आणि टिपा यांचे हक्क मात्र निराळे असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

अशी पुस्तके मराठी विकिस्रोतावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर शोधावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य देते. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर वाचावयास मिळतो. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण झाले, ते विद्यार्थ्यांस विशेष उपयोगी आहे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांच्यासाठी २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. अपंगत्वाचा दाखला देऊन तेथे नाव नोंदविता येते. आणि ग्वाल्हेरकरांनी महाराज बाड्यावरील शासकीय केंद्रीय ग्रंथालयास विसरू नये. यंत्र आले म्हणून ग्रंथपालाची ओळख मोडावयाची नसते.

कर्त्यांनी एवढे करावे

सर्वांत नाजूक प्रश्न वारशाचा. आजोबांनी दहा वर्षांत शंभर ई-पुस्तके जमविली आणि ते निवर्तले. कपाटातील शंभर ग्रंथ नातवंडांकडे सहज आले असते. परंतु ई-पुस्तकांची परवानगी बहुतेक अटींप्रमाणे दुसऱ्याच्या नावे होत नाही. पासवर्ड कोणास ठाऊक नसेल, तर आजोबांच्या खुणा आणि टिपाही त्या कपाटातच राहतात.

तेव्हा प्रत्येक घराने चार गोष्टी कराव्या. खाते कोणाच्या नावे, कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या फोन क्रमांकावर आहे, हे वहीत लिहून महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे; पासवर्ड विश्वासातील एका माणसास ठाऊक असावा. जुना फोन क्रमांक सोडण्यापूर्वी खात्यातील क्रमांक बदलावा, नाही तर खात्रीचा संदेश बंद पडलेल्या क्रमांकावर जातो. मुक्त पुस्तकांच्या प्रती घरच्या संगणकावर आणि दुसऱ्या एका जागी ठेवाव्या. आणि जे पुस्तक नातवंडांच्या हाती जावे असे मनापासून वाटते, ते छापील विकत घेऊन त्याच्या पहिल्या पानावर आपले नाव व तारीख घालावी.

ई-रीडर वाईट नव्हे. अधू डोळ्यांना तो अक्षर मोठे करून देतो, आणि ग्वाल्हेरच्या मुलीपुढे पुण्यात आज निघालेले पुस्तक आजच ठेवतो. त्याचा लाभ आनंदाने घ्यावा. मात्र कोणते पुस्तक आपले आणि कोणते केवळ वाचावयास मिळालेले, हा हिशेब घरातील कर्त्या माणसाने ठेवावा. तो हिशेब नीट असला, तर यंत्र बदलले, दुकान मिटले किंवा माणूस गेला, तरी त्या घरातील मराठी वाचन बंद पडणार नाही.