पेशीत दडलेला एचआयव्ही टी पेशीला कसा कळतो

एचआयव्ही एकदा पेशीत शिरला की रक्तातली प्रतिपिंडे त्याला गाठू शकत नाहीत. टी पेशीलाही पेशीच्या आत डोकावता येत नाही. तिला दिसतात ते फक्त पेशीच्या पृष्ठभागावर आलेले तुकडे. प्रत्येक पेशी आपल्या प्रथिनांपैकी काही प्रोटिएसोममध्ये सतत तोडत असते. त्यातले साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे तुकडे आंतर्द्रव्यजालिकेत एचएलए रेणूच्या खाचेत बसतात आणि त्याच्यासह बाहेर येतात. बाधित पेशीत गॅग, पोल, नेफ या विषाणू-प्रथिनांचे तुकडेही असेच वर येतात. सीडी8 टी पेशीचा ग्राही तुकडा आणि एचएलए हे दोन्ही मिळूनच ओळखतो. हे तत्त्व झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी 1974 च्या सुमारास कॅनबेरात उंदरांवर दाखवले. 1996 चे नोबेल त्यासाठीच मिळाले. ओळख पटली की टी पेशीने सोडलेले परफोरिन बाधित पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम आत जाऊन तिला मरण पत्करायला लावतात.

ही ओळख प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (स्थापना 1992) वापरली गेलेली एलिस्पॉट चाचणी त्यासाठीच आहे. 96 खळग्यांच्या तबकडीच्या तळाला इंटरफेरॉन-गॅमा पकडणारे प्रतिपिंड लावतात. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांत सोडतात आणि वर विषाणूचे कृत्रिम पेप्टाइड घालतात. भारतात एचआयव्हीचा सी उपप्रकार प्रामुख्याने आढळतो, म्हणून पेप्टाइडही त्याच्याशी जुळणारे हवेत. तुलनेसाठी एका खळग्यात पेप्टाइड नसते. दुसऱ्यात राजम्यापासून काढलेले फायटोहिमॅग्लुटिनिन असते, जे जिवंत टी पेशींना हमखास चेतवते. तबकडी रात्रभर 37 अंशांवर ठेवतात. सकाळी पेशी धुऊन रंगद्रव्य घातले की ठिपके उमटतात. एक ठिपका म्हणजे इंटरफेरॉन सोडणारी साधारण एक पेशी.

मात्र ठिपका हा संरक्षणाचा पुरावा नव्हे. रुग्णाच्या अंगातल्या विषाणूने तोच तुकडा बदललेला असला, तर चाचणीत जागी होणारी टी पेशी प्रत्यक्षात आंधळीच राहते. एचएलए-बी57 हा एचएलएचा प्रकार असलेल्या काहींच्या टी पेशी गॅगचे असे भाग पकडतात, जे बदलल्यास विषाणू स्वतःच दुबळा होतो; त्यांतले काही जण औषधाविनाही आजार दीर्घकाळ आटोक्यात ठेवतात. टी पेशींपासून लपण्यासाठी विषाणूचे नेफ प्रथिन एचएलए-ए आणि बी रेणू पृष्ठभागावरून खाली ओढते. सगळेच काढले तर एचएलए नसलेल्या पेशी शोधणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी सावध होतील. पण नेफ सी आणि ई रेणूंना सहसा हात लावत नाही. इतक्या लहान प्रथिनाची ही निवड थक्क करणारी आहे.

टी पेशी जागवू पाहणाऱ्या टीजीएएसी09 या लसीची भारतातली पहिली मानवी चाचणी 2005 मध्ये पुण्याच्या याच संस्थेत सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, प्रतिसाद मात्र तोकडा पडला.

सर्वांत अवघड आहेत त्या सुप्त बाधित पेशी. त्या विषाणूची प्रथिने बनवतच नाहीत, मग दाखवायला तुकडाही नसतो. भारतात 2004 पासून मोफत मिळणारी औषधे विषाणूची वाढ थांबवतात, पण या पेशी तशाच राहतात. औषध बंद केले की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परततो. म्हणून चिखलदऱ्याच्या घाटात पावसाने रस्ता अडला तरी गोळीचा खंड पडता कामा नये. पावसाळ्याआधीच गोळ्यांचा पुरेसा साठा हाती असावा लागतो. सुप्त पेशी औषधांनी जाग्या करून टी पेशींपुढे आणण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत. विषाणू जागा झाल्याच्या खुणा काहींत दिसल्या, पण सुप्त पेशींचा साठा लक्षणीय घटला नाही.