विश्लेषण : आजार आईला, मग लंगडते मुलगी का? काय आहे ‘हॉट मिल्क’ कादंबरीत?

चालता येत नाही ते आईला. पण तिची सेवा करता करता मुलगीही मध्येच लंगडू लागते. ब्रिटिश लेखिका डेबोरा लेव्ही यांच्या ‘हॉट मिल्क’ या कादंबरीचे मर्म या लंगडण्यात आहे. २०१६ मध्ये ती बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती.

कथानक काय?

सोफिया २५ वर्षांची. मानववंशशास्त्रातील पीएच.डी. अर्धवट सोडून ती लंडनमधील एका कॅफेत काम करते. आई रोझच्या पायांतील ताकद अधूनमधून जाते. कारण एकाही डॉक्टरला सापडलेले नाही. अखेर घर गहाण टाकून, २५ हजार युरो मोजून दोघी दक्षिण स्पेनमधील अल्मेरियाला डॉ. गोमेझ यांच्या क्लिनिकमध्ये येतात. हे खरे डॉक्टर की भोंदू, हा प्रश्न वाचकाला सतावत राहतो. ते आईची औषधे बंद करू लागतात आणि मुलीला सांगतात, धीट व्हायचे तर बाजारातून एक मासा चोरून आण!

मग आजारी नेमके कोण?

आपल्याकडे सोफियाला ‘श्रावणबाळ’ म्हणून शाबासकी मिळाली असती. लेव्ही यांना त्या शाबासकीची किंमत दिसते. रोझला आणून दिलेले पाणीसुद्धा कधी योग्य नसते. आईच्या दुखण्यात सोफियाला स्वत:च्या शरीराचा विसरच पडलेला असतो. त्याची जाणीव होते ती समुद्रात, जेलीफिशच्या डंखांनी. स्पॅनिश भाषेत जेलीफिशला ‘मेडुसा’ म्हणतात. ग्रीक पुराणात शिर उडवले गेलेल्या स्त्रीचे नावही तेच, आणि सोफियाचे वडील ग्रीकच.

डंखांवर मलम लावणारा हुआन आणि शिवणकाम करणारी जर्मन तरुणी इनग्रिड, दोघांशीही तिचे शरीरसंबंध येतात. इनग्रिड तिला भरतकाम केलेला टॉप देते. त्यावरचा शब्द सोफिया ‘बिलव्हेड’ म्हणजे ‘प्रिय’ असा वाचते. प्रत्यक्षात तो ‘बिहेडेड’, म्हणजे शिरच्छेद झालेली, असा असतो. लैंगिकतेवरच्या अनेक कादंबऱ्या ‘मी कोण’ याचे उत्तर एका शब्दात देऊन मोकळ्या होतात. इथे तसा शिक्का नाही. सोफियाचा शोध आईपासून वेगळे होण्याचा आहे आणि प्रेम त्यातच मिसळलेले आहे.

चित्रपट आला, तरी पुस्तक का?

रेबेका लेंकिविच दिग्दर्शित चित्रपट २०२५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. एमा मॅकी सोफिया, तर फियोना शॉ रोझ आहे. कादंबरी मात्र सोफियाच्याच तोंडून येते. आईवरचा राग ती गिळते आणि पुन्हा पाणी आणायला उठते, ते मनातले बोलणे पानांवरच ऐकू येते.