स्पार्स : कोड न चालवता तपासणारं साधन

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एक चूक वारंवार होई आणि चाचणीत मात्र सापडत नसे. प्रोग्रॅम कर्नलकडे काम सोपवताना मेमरीतला एक पत्ता देतो : माहिती इथून उचल. हा पत्ता परक्यानं दिलेला, म्हणून त्याची शहानिशा करूनच तिथला मजकूर घ्यायचा. 'कॉपी फ्रॉम युजर' हे फंक्शन त्यासाठीच आहे. पण घाईत कुणी तो पत्ता थेट वापरला, तरी बऱ्याच यंत्रांवर सगळं सुरळीत चाले. एखाद्या खोडसाळ प्रोग्रॅमनं मुद्दाम कर्नलच्याच मेमरीचा पत्ता पुढे केला की घात होई. ज्याला आत डोकावायची मुभा नाही, तो आतलं वाचू शके, कधी बदलूही शके.

2003 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सनं स्पार्स लिहिलं ते अशा चुकांसाठी. कोड न चालवता तपासायची कल्पना जुनीच. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सननं सी भाषेसाठी 'लिंट' 1978 मध्येच केलं होतं. स्पार्सची युक्ती मात्र फार साधी आहे. परक्या पत्त्याच्या प्रकारात प्रोग्रॅमरनं 'युजर' अशी खूण लिहायची. कंपायलरच्या लेखी ती नसतेच. तयार कोडमध्ये तिचा मागमूस राहत नाही. स्पार्स ती वाचतं, आणि असा पत्ता कुणी थेट वापरला किंवा कर्नलच्या पत्त्यांत मिसळला की ओळ क्रमांकासकट तक्रार करतं.

माझ्या मते यातली मोठी गोष्ट ती खूण आहे, तपासणी नंतरची. कोणता पत्ता परका, हे पूर्वी लिहिणाऱ्याच्या डोक्यात असे. आणि ओपन सोर्समध्ये लिहिणारा आज आहे, उद्या नाही. आता त्याच्यामागे त्याची समज कोडमध्येच राहते. इंटेलचा तपासणी रोबो नवे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, स्पार्सखालून घालतो आणि काही खटकलं तर पाठवणाऱ्याला मेल करतो.

अर्थात, जे सांगितलेलं नाही ते अशा साधनांना दिसत नाही. 2014 मध्ये उघड झालेला, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष कव्हेरिटीसारख्या नावाजलेल्या साधनालाही दिसला नव्हता. ज्या माहितीचे बाइट उलटसुलट करून घेतले जातात ती बहुधा नेटवर्कवरून आलेली, म्हणून संशयास्पद धरायची, ही अटकळ त्यात नंतर बसवली गेली.

एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते अशा साधनांबद्दल याहून परखड आहेत. कंपायलरचे इशारे मिटवण्याच्या नादात आमच्या कोडमध्ये शिरलेल्या चुका कोड न चालवता केलेल्या तपासणीनं पकडलेल्या चुकांपेक्षा जास्त आहेत, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. त्यांचा भर चाचण्यांवर आहे, आणि तेवढ्या चाचण्या फार थोड्या प्रकल्पांना झेपतात.

कर्नल बांधताना 'मेक' या कमांडला सी=1 जोडलं की नव्यानं कंपाइल होणाऱ्या फायली स्पार्सनं तपासल्या जातात, सी=2 जोडलं की सगळ्या. पॅच पाठवण्याआधी एवढं जरूर करा. इशारा दिसला तर पत्ता खरोखर कुठून आला ते आधी शोधा; नुसता कास्ट टाकून, म्हणजे पत्त्याचा प्रकार जबरदस्तीनं बदलून, इशाऱ्याचं तोंड बंद करू नका.