पहिल्या वेताच्या मेंढीची निगा

आपल्या पठारी मुलखात मेंढी हे काटक जनावर समजले जाते, व ते तसे आहेही; परंतु ह्या काटकपणावर विसंबून पहिल्या वेताच्या मेंढीला कळपातील जुन्या मेंढ्यांच्या बरोबरीने सोडून देण्याचा जो प्रघात पडला आहे, तो नुकसानीचा आहे. जुनी मेंढी गाभण असता तिला केवळ पोटातील गर्भ पोसावयाचा असतो; तरणी मेंढी स्वतःच अद्याप वाढत असते. एकाच घासाला दोन वाटेकरी, अशी तिची स्थिती होते. ही वाटणी कशी चालते हे ज्यास उमगले, त्यास पुढील निगा फारशी शिकवावी लागत नाही.

पहिला प्रश्न वयाचा नसून वजनाचा आहे. दुधाचे दात पडून पुढचे दोन कायमचे दात आले, म्हणजे मेंढी फळविण्यास योग्य झाली असे मानतात. खूण सोयीची खरी, पण अवर्षणाच्या सालात दोनदाती मेंढीही खुरटलेली असू शकते. आपल्या कळपातील प्रौढ मेंढीच्या वजनाच्या निदान दोन तृतीयांश वजन भरल्याखेरीज तरण्या मेंढीस नर दाखवू नये. प्रौढ मेंढ्या ३० किलोच्या असतील, तर २० किलो ही खालची मर्यादा समजावी. झाडाला टांगलेला ताणकाटा व गोणपाटाची झोळी एवढ्यावर हे काम भागते. तसेच, कोकरे मोठी मिळावीत ह्या लोभाने लहान बांध्याच्या दख्खनी मेंढीवर दांडगा माडग्याळी नर सोडू नये. त्याचे फळ विण्याच्या वेळी अडलेल्या कोकराच्या रूपाने मिळते.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांस थोडा कमी. जूनच्या मध्यावर फळलेली मेंढी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विते. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि भुईमुगाचा पाला व बाजरीचे रान हाताशी असते. हिवाळ्याच्या अखेरीस फळलेल्या मेंढीचे शेवटचे दिवस मात्र ऐन उन्हाळ्यात येतात व कोकरू पहिल्या पावसाच्या चिखलात पडते. जुनी मेंढी हे सोशील. पहिलारूवर ती पाळी आणू नये. ह्यासाठी नर वर्षभर कळपात मोकळा न ठेवता वेगळा बांधावा, आणि फळल्याची तारीख वहीत टिपावी.

आता खाण्याविषयी. कमी खाऊ घातल्याने कोकरू हलके पडते हे सर्वांस ठाऊक आहे. अधिक खाऊ घातल्यानेही तेच होते, हे मात्र पुष्कळांस खरे वाटणार नाही. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीन येथील रोवेट संस्थेत १९९० नंतरच्या काळात कोवळ्या वयाच्या गाभण मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, आरंभापासून भरपूर खुराक दिलेल्या मेंढ्या स्वतः झपाट्याने वाढल्या, पण त्यांची वार लहान राहिली, कोकरे हलकी निपजली व चीकही कमी उतरला. जास्तीचा घास आईने आपल्याच अंगी लावला! म्हणून पहिले तीन महिने तरण्या मेंढीस चराई बरी असेल तर तेवढ्यावरच, बेताने वाढत ठेवावी. तिला लठ्ठ करू नये व खंगूही देऊ नये. ह्याच काळात, विशेषतः पहिल्या महिन्यात, जंतांवर अल्बेंडाझोल देऊ नये. त्याने गर्भात व्यंग येण्याचा संभव असतो.

शेवटच्या सहा आठवड्यांत चित्र पालटते. गर्भाची बहुतांश वाढ ह्याच दिवसांत होते, आणि पोटात जागा अडल्याने मेंढीस कडबा-भुसकट फारसे खाववत नाही. तेव्हा मक्याचा भरडा व शेंगदाण्याची पेंड मिळून रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक हळूहळू वाढवीत न्यावा. तरण्या मेंढ्यांची गव्हाण वेगळी असावी, नाहीतर जुन्या मेंढ्या त्यांस ढकलून सारे खाऊन टाकतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. अशी मेंढी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ह्या दिवसांत अधिक जागरूक राहावे. पोटात जुळी असता खाणे तुटले, तर मेंढी कळपापासून दूर सुस्त उभी राहते, तिला नीट दिसेनासे होते. अशा वेळी पशुवैद्यास बोलाविण्यास एक दिवसाचाही उशीर नको. आंत्रविषाराची लस विण्यापूर्वी तीन-चार आठवडे टोचावी, म्हणजे चिकातून कोकरासही संरक्षण मिळते.

विण्याच्या वेळी पहिलारू घाबरते, उठते-बसते, जमीन उकरते. तिला एकटी सोडावी, पण नजरेआड करू नये. पुढचे दोन खूर व त्यांवर टेकलेले नाक दिसले म्हणजे मांडणी ठीक आहे. जोराच्या कळा तासभर येऊनही काही पुढे सरकत नसेल, तरच नखे काढून, साबणाने हात धुऊन, तेल लावून तपास करावा. घाईने ओढल्यास इजा होते. गर्भपाताचे काही रोग माणसासही जडतात. म्हणून हे काम गर्भवती स्त्रीने करू नये, आणि वार उघड्या हाताने न उचलता कुत्र्यांच्या तावडीत सापडणार नाही अशी खोल पुरावी.

येथे एक सदिच्छेने होणारे नुकसान सांगितले पाहिजे. कोकरू पडताच ते उचलून, फडक्याने स्वच्छ पुसून उबेला नेण्याची पुष्कळांस हौस असते. मेंढी आपले पिल्लू ओळखते ती त्याच्या अंगावरील पाण्याच्या वासाने व चाटण्याने. पहिलारूस तर ही ओळख प्रथमच करावयाची असते. तो वास पुसला आणि जागाही बदलली, तर ती त्यास ढुशी मारू लागते. नाकातोंडातील बुळबुळीत तेवढे काढून कोकरू तिच्या नाकाशी ठेवावे व आपण मागे सरावे. नंतर नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे, सडांची तोंडे दाबून मोकळी करावीत, व पहिल्या दोन तासांत कोकराच्या पोटात चीक गेला की नाही ते पाहावे. ते स्वतः पीत नसेल तर वजनाच्या दर किलोस ५० मिलिलिटर चीक काढून पाजावा.

मायलेकरांस दोन-तीन दिवस चार फूट चौरस जागेत वाघर लावून वेगळे ठेवावे. तरीही मेंढी जवळ करीत नसेल, तर प्रथम कास दुखरी आहे काय हे पाहावे. ती निरोगी असल्यास मेंढी आखूड बांधून दिवसातून चार-पाच वेळा पाजून घ्यावे. बहुधा तीन-चार दिवसांत ती वळते. पुढील पावसाळ्यात तिला पुन्हा नर दाखविण्यापूर्वी ताणकाटा पुन्हा टांगावा. कोकरू तोडल्यावर तिचे वजन भरून आले नसेल, तर एक हंगाम तिला रिकामी ठेवलेली बरी.